वासावर मीठ घालणारे मालक

घर दाखवण्याआधी मालकांनी आमचा मसाल्याचा डबा मागितला.

आमची डोंबिवलीतली जुनी इमारत पाडून नवी बांधायला घेतली होती, त्यामुळे मला आणि आईला तीनेक वर्षं कुठेतरी भाड्याने काढायची होती. आठ-दहा घरं बघून झाली होती. घरमालकांचे प्रश्न आम्हाला पाठ झाले होते: माणसं किती, नोकरी कुठे, पाहुणे फार येतात का, आणि खाणं काय. शेवटचा प्रश्न यायच्या आत आई आपणहून सांगून टाकायची की आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. त्यावर बहुतेक मालकांचा चेहरा खुलायचा. शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या त्या तीन मजली इमारतीच्या मालकांचा मात्र पडला.

"म्हावरंपन नाय?" त्यांनी विचारलं.

आई ताठ होऊन म्हणाली, मासे सोडाच, अंडंसुद्धा नाही. बऱ्या न होणाऱ्या दुखण्याची हकीगत ऐकल्यावर माणूस जसा बघतो तसं त्यांनी आमच्याकडे बघितलं. मग म्हणाले, बरं, येत्या रविवारी मसाला घेऊन या, मग बघू.

मी त्या घरावर मनातल्या मनात काट मारली होती. पण आईचा स्वभाव मला माहीत आहे. तिच्या मसाल्याची कुणी परीक्षा घेणार म्हटल्यावर ती मागे हटणार होती थोडीच. रविवारी ती स्टीलच्या डब्यात गोडा मसाला भरून घेऊन गेली. मालकांनी झाकण काढलं, डोळे मिटले आणि डबा नाकापासून वीतभर लांब धरून उभे राहिले. बोटसुद्धा लावलं नाही. दगडफूल जरा जास्त आहे, पण भाजलंय नीट, असा निकाल दिला आणि कोणाच्या हातचा म्हणून विचारलं. माझ्याच, आई म्हणाली. "घर घ्या," मालक म्हणाले. करारातली बाकीची कलमं त्यांच्या मुलाने नंतर कधीतरी आमच्याशी ठरवली.

गावात सगळे त्यांना दादा म्हणायचे. आम्ही मालक म्हणायचो, ते त्यांना आवडायचं नाही. मालक आता कसले, म्हणायचे, शेत गेलं आणि त्याच्यावर तुम्ही राहताय. ते आईपेक्षा सहा वर्षांनी मोठे होते, तरी तिला पहिल्या दिवसापासून 'काकू' म्हणत आले. आईला ते शेवटपर्यंत खटकत राहिलं.

त्यांच्याकडे काही कमी नव्हतं. अंगणात दोन गाड्या होत्या, मुलाचा टेम्पोंचा धंदा होता, सूनबाईंच्या अंगावर ठसठशीत सोनं होतं. मालक स्वतः मात्र बारा महिने बनियन, लेंगा आणि खांद्यावर टॉवेल. लहानपणी ते बापाबरोबर कळव्याच्या खाडीकडच्या मिठागरात काम करायचे. तिथे पायांना पडलेल्या भेगा साठ वर्षांनंतरही भरल्या नव्हत्या. त्या ते लोकांना हौसेने दाखवायचे.

पण त्यांची खरी इस्टेट म्हणजे नाक. संध्याकाळी ते फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे आणि कामावरून परतणाऱ्या प्रत्येक भाडेकरूला त्याच्या घरी काय शिजतंय ते सांगायचे. मला कित्येकदा आईच्या स्वयंपाकाची खबर जिन्याच्या आधीच मिळालेली आहे. "आज फोडनी करपली, काय बोलू नका काकूंना," असं सांगायचे, आणि वर गेल्यावर आई खरोखरच घुश्शात असायची. एकदा भर दुपारी ते दुसऱ्या मजल्यावरच्या नवीन जोडप्याच्या दारात जाऊन उभे राहिले आणि तुमचा गॅस गळतोय म्हणाले. आदल्याच दिवशी मेकॅनिक येऊन सगळं ठीक असल्याचं सांगून गेला होता. मालक दारातून हलेनात. शेवटी मेकॅनिकला परत बोलावलं, तर शेगडीमागे नळीला बारीक चीर सापडली. तेव्हापासून त्या जोडप्याने फोडणीबद्दलची बोलणी ऐकून घ्यायला सुरुवात केली.

ह्याच नाकावर ते स्वयंपाक करायचे. स्वयंपाक म्हणजे मटण. ठाकुर्लीपासून कळव्यापर्यंत नात्यागोत्यात कुठेही हळद असो, जत्रा असो, मोठा टोप चढवायला दादांनाच बोलावणं असायचं. कोणाकडून कधी काही घेतलं नाही. अट एकच, त्यांनी सांगितल्याशिवाय झाकणाला कोणी हात लावायचा नाही. ते टोपाजवळ उभे राहायचे, झाकण कलतं करून हाताने वाफ नाकाकडे ओढायचे आणि मग बरणीतलं खडे मीठ मुठीने घालायचे. चाखायचे नाहीत. मी एकदा भीत भीत म्हटलं, न चाखता कळतं कसं? ते म्हणाले, "चाखून सांगतो तो पावना. आचाऱ्याला कलाला पायजे." आणि वर, मिठागरात वाढलेल्या माणसाला मिठाचा अंदाज विचारू नये, अशी मला समजही दिली.

ती मिठाची बरणी मागच्या दाराजवळच्या फळीवर असायची. घरातलं रोजचं सगळं सूनबाई करायच्या, पण रविवारच्या आणि सणावारच्या टोपात मीठ घालायला मालकच लागायचे. सूनबाई लग्न होऊन आल्याला बावीस वर्षं झाली होती आणि त्या बरणीला त्यांनी फक्त पुसण्यापुरता हात लावला होता, हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. हसत होत्या, पण सांगितलं होतं दोनदा.

घरात आणखी एक नियम होता. टोप एकच चढणार. त्यात जे असेल ते सगळ्यांनी खायचं. ह्याला आवडत नाही, त्याला चालत नाही, म्हणून वेगळं काही शिजणार नाही. मला आधी ही नुसती मालकी वाटली होती. पण अंगणाच्या मधोमध छातीभर उंचीची एक भिंत होती, आणि तिच्या पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. सूनबाईंनी मला एकदा त्या भिंतीची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी भावाचं तिखट बंद केलं, म्हणून त्याच्या बायकोने त्याच्यापुरतं वेगळं पातेलं ठेवायला सुरुवात केली. मग वेगळी शेगडी आली. मग वेगळा गॅस. मग जमिनीची वाटणी निघाली आणि भिंत आली. भाऊ-भाऊ बोलायचे, एकमेकांकडे जेवायला मात्र जायचे नाहीत. मालकांच्या डोक्यात जमीन, वकील, कोर्ट काहीच नव्हतं. त्यांच्या मते घर फुटलं ते त्या पातेल्यापासून.

आणि त्यांच्या नातीने मटण सोडलं.

ती सूनबाईंची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉम्प्युटर शिकत होती, भरभर बोलायची, आजोबांची भयंकर लाडकी. लहानपणी टोपातला पहिला नळीचा तुकडा तिचा असायचा. तिने एक दिवस सांगितलं, मी आता मटण-मासे खाणार नाही. का, ते तिने घरात कोणालाच नीट सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा खांदे उडवून म्हणाली, "काही ड्रामा नाही ताई, मला आता नाहीच जात." मालक रागावले नाहीत, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की वेगळं शिजणार नाही. ती बरं म्हणाली. पहिले काही रविवार तिने भाकरी आणि कांदा खाल्ला. मग वर आमच्याकडे येऊ लागली.

आईला आयती शिष्या मिळाली. वरण-भात, पडवळाची भाजी, अळूचं फदफदं, ती सगळं आवडीने खायची. मला मात्र रविवारी घास गोड लागायचा नाही. खाली अंगणात सगळं घर एका पंगतीत बसलेलं असायचं, आणि मालक जेवता जेवता एकदा तरी मान वर करून आमच्या खिडकीकडे बघायचे. त्यांच्या नाकाला कळत असणारच, नात आज काय जेवतेय ते. असं दीड वर्ष चाललं. दोघं एकमेकांशी बोलायची, ती त्यांचा मोबाइल दुरुस्त करून द्यायची, ते तिला स्टेशनवर सोडायला जायचे. फक्त जेवायला एकत्र बसायची नाहीत. त्या वर्षी गावदेवीच्या जत्रेला पन्नास माणसं अंगणात जेवली आणि ती वरच्या खोलीत दार लावून बसली, कारण आल्या-गेल्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा तिला कंटाळा आला होता.

एका शनिवारी ती दोन पिशव्या घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, आज टाको करायचे. तिने मोबाइलवर बघितले होते. मक्याच्या कडक दुमडलेल्या पोळ्या ठाण्याच्या मॉलमधून आणल्या होत्या, त्यांत सोयाचा खिमा, वर कोबी, टोमॅटो-कांद्याची तिखट कोशिंबीर, चीज आणि लिंबू. आईने कोबी चिरून दिला, कांदा चिरून दिला. सोया भिजून फुगल्यावर मात्र तिने पातेल्यात डोकावून बघितलं आणि चार पावलं मागे सरली. हे थेट तसंच दिसतंय, म्हणाली, माझ्या कढईत नको. नातीने शांतपणे खाली जाऊन स्वतःची कढई आणली आणि येताना घरचा वर्षाचा लाल मसालाही वाटीभर आणला.

तो मसाला तेलात पडल्यावर पाचेक मिनिटांत दार वाजलं. मालक आमच्या दारात कधी आले नव्हते. टॉवेल सावरत उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि आत न बघताच त्यांनी विचारलं, मटण कोण करतंय? आई हबकली. तिच्या घराबद्दल असा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. नात आतून म्हणाली, मटण नाहीये आबा, सोया आहे. मालकांनी पुन्हा एकदा हवा आत ओढली. वास मटणाच्या मसाल्याचा होता आणि मटणाचा नव्हता, हे त्यांच्या लक्षात येत गेलं तसा त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ पसरला. मी त्यांना असं पहिल्यांदाच बघत होते.

नातीने त्यांना एक टाको भरून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, ही तर मोडलेली भाकरी आहे म्हणाले आणि आतला खिमा न खाता परत दिला. मटण नाही तर मटणाचं सोंग कशाला, असं त्यांचं म्हणणं. आईने लगेच दुजोरा दिला, तिचंही तेच म्हणणं होतं. एकाला ते मटण नव्हतं म्हणून नको होतं आणि दुसरीला मटणासारखं होतं म्हणून. नात मधे उभी राहून एकटीच तीन टाको खाऊन गेली.

जाता जाता मालक तिला एवढंच म्हणाले की मसाला कच्चा राहिलाय, अजून परतायला हवा होता.

त्यानंतर काय झालं कोण जाणे, त्यांनी ते डोक्यात घेतलं. कदाचित त्यांचाच मसाला कोणीतरी नीट न परतता वापरतंय, हे त्यांना सहन झालं नसावं. आधी कच्चा फणस आणला, तो शिजून लगदा झाला. मग सुरण आणला, त्याने सगळ्यांचे घसे खवखवले. शेवटी सूनबाईंकडून सोयाची दोन पाकिटं मागवली. मॉलच्या पोळ्या त्यांना मंजूर नव्हत्या. सूनबाईंनी तांदळाची पातळ भाकरी केली, ती तव्यावरून गरम असतानाच लाटण्यावर वाकवून सुकवली, आणि मक्याच्या पोळीपेक्षा छान कुरकुरीत झाली. नात टाळ्या वाजवत अंगणभर फिरली. दीड वर्षात मी तिला त्या अंगणात इतका वेळ थांबलेलं बघितलं नव्हतं.

रविवारी दुपारी मालकांनी तो खिमा स्वतः चुलीवर केला. खोबरं-कांद्याचं वाटण, मसाला, सगळं मटणासारखं. झाकण कलतं केलं, वाफ ओढली, डोळे मिटले. बरणी उघडली आणि मूठ भरून मीठ घातलं. पुन्हा वाफ ओढली आणि आणखी अर्धी मूठ घातली. मग ऐटीत नातीला पान वाढलं.

मी तिथेच होते. पहिला घास घेतल्यावर तिचे डोळे क्षणभर मोठे झाले. मग तिने खाली मान घालून तो अख्खा टाको खाल्ला. पाणी प्याली. दुसरा खाल्ला. पुन्हा पाणी प्याली. मस्त झालंय आबा, म्हणाली आणि तिसऱ्यांदा तांब्याकडे हात नेला. मलाही तिने एक दिला. सांगते ना, समुद्राचं पाणी आटवून खाल्ल्यासारखा खारट होता तो. मीही तो संपवला. मालक मात्र तांब्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि ह्या वेळी उंबरा ओलांडून खुर्चीवर बसले. मला म्हणाले, पोरगी तीन वेळा पाणी प्याली. मग त्यांनी आपलं काय चुकलं ते आम्हाला नीट समजावून सांगितलं, जसं काही दुसऱ्याच कोणाच्या चुकीबद्दल बोलत होते. मटण शिजताना पाणी सोडतं, मीठ पसरतं. हे उलटं पाणी पितं, मीठही पितं. आणि त्याला स्वतःचा वासच नाही.

"वास येत व्हता तो माझ्याच मसाल्याचा," ते म्हणाले. "माझ्याच वासानी मना फशीवला."

हे बोलून त्यांनी पायाच्या भेगांवरून अंगठा फिरवला. मीठ चुकल्याचं त्यांना दुःख होतं, पण खरं लागलं होतं ते वेगळंच. नात खोटं बोलली होती. आपलं माणूस आपल्यासमोर पाहुण्यासारखं वागलं, आवडलं म्हणाली आणि पाणी प्याली. आता जत्रा पंधरा दिवसांवर आली होती. तिला पुण्यात नोकरी लागली होती, आणि जत्रेच्या दोन दिवस आधीच ती निघणार होती. रुजू व्हायचं होतं जत्रेनंतर आठवड्याने. हे तिने मला सांगितलं होतं, त्यांना सूनबाईंनी सांगितलं असावं. एकदा ह्या घरातून न जेवता गेलेली मुलगी परत कशाला येईल, असं ते म्हणाले नाहीत. पण ते त्यासाठीच वर आले होते, हे मलाही कळलं आणि आईलाही.

मग त्यांनी आईला विचारलं, "काकू, तुमी मीठ कसा बगता?"

आई म्हणाली, चाखून. मालकांची मान खाली गेली. त्यांना बहुधा तेच उत्तर नको होतं. आईलाही ते जाणवलं असावं, कारण ती हातातली भाजीची टोपली बाजूला ठेवून त्यांच्यासमोर येऊन बसली.

"नैवेद्याचं मीही चाखत नाही," ती म्हणाली. "उष्टं होतं ना. चाळीस वर्षं गणपतीला न चाखता वाढतेय. पण देव कधी सांगत नाही हो, मीठ कमी झालं की जास्त. तुमची नात सांगेल. तिला विचारा."

मालक उठताना एवढंच म्हणाले की काकूंच्या आमटीत आज गूळ जास्त पडलाय. ते खरं होतं.

आठवड्याभराने ते नातीशी काय बोलले ते मला माहीत नाही. तिने पुण्याला जायचा दिवस पुढे ढकलला, एवढंच मला कळलं. थांबते आहे, पण खाली येईनच असं नाही, असं ती मला बजावून म्हणाली. आत्या, मावश्या, सगळ्यांचं तेच सुरू होतं, यार, त्यापेक्षा वरच बरं.

जत्रेच्या दिवशी सकाळी अंगणात लांबलचक चर खणलेला होता आणि त्यात लाकडं पेटली होती. एका टोकाला नेहमीचा मोठा टोप. त्याच्या शेजारी, त्याच विस्तवावर, एक छोटा टोप. मी खिडकीतून बघितलं आणि आईला हाक मारली. आई तोपर्यंत पदर खोचून जिन्यात पोचली होती. मटण शिजत असलेल्या अंगणात ती आयुष्यात पहिल्यांदा उतरत होती. नाकाला रुमाल लावून, लांब कोपऱ्यात, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला खुर्ची मागून घेऊन बसली, पण बसली.

भिंतीवर पलीकडून धाकट्या भावाने कोपर टेकवले होते. त्याने दोन टोप बघितले. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला कुत्सित म्हणावं की दुखरं, मला ठरवता आलं नाही.

"दादा, दोन टोप?" त्याने विचारलं.

मालक लाकूड सारत होते. मान वर न करता म्हणाले, "टोप दोन हायती. चूल एकच हाय."

भाऊ फाटकाकडून वळसा घालून आला आणि पाण्याची पिंपं उचलू लागला.

दुपारी पंगती बसल्या. नात खाली आली आणि वाढायला लागली. वाढणाऱ्याला कोणी फार प्रश्न विचारत नाही, हे तिने बरोबर हेरलं होतं. एका आत्याने छोट्या टोपाकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलंच. सूनबाई म्हणाल्या, दादांनी केलंय, आणि आत्यांनी भात मागितला. पाहुणे जेवून पांगले. त्या घरच्या रीतीप्रमाणे आचारी सगळ्यात शेवटी जेवतो. मालकांनी हात धुतले, सतरंजीवर बसले आणि नातीला समोर बसायला सांगितलं. मटणाचा टोप तसाच ठेवून छोटा टोप दोघांच्या मधे आणायला लावला. सूनबाईंनी दुमडलेल्या भाकऱ्या, चिरलेला कोबी आणि लिंबाच्या फोडी ठेवल्या.

मालकांनी स्वतःच्या हाताने एक भाकरी भरली आणि तिच्या ताटात ठेवली. स्वतः काहीच घेतलं नाही.

"बाय," ते म्हणाले, "मीठ बग गो."

सूनबाईंचा पाणी ओतणारा हात थांबला. भाऊ पिंपाजवळ होता, त्यानेही वळून बघितलं. त्या अंगणात हे बोलणं त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकलंच नव्हतं.

नातीने घास घेतला. हळूहळू चावला. मग तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या आईकडे बघितलं. मला खात्री होती की ती मस्त झालंय म्हणणार. माझं लक्ष पाण्याच्या तांब्याकडे गेलं. तिने त्याला हात लावला नव्हता.

"कमी आहे, आबा," ती म्हणाली.

"किती?"

"थोडं नाही. बरंच."

मालक गुडघ्यावर हात टेकून उठले. मला वाटलं, गेले. ते मागच्या दाराकडे गेले, फळीवरची बरणी काढली, टॉवेलने पुसली आणि येऊन तिच्यासमोर ठेवली. झाकण त्यांनीच काढलं.

"घाल."

"मी?"

"मग कोन."

तिने बरणीत हात घातला. तिच्या मुठीकडे ते एकटक बघत होते. खाडीकाठी बापाने त्यांच्या मुठीकडे असंच बघितलं असेल. तिने चिमूटभर काढलं, थांबली, अजून थोडं घेतलं आणि टोपात घालून डावाने ढवळलं. सूनबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि धुराला नावं ठेवत होत्या. माझंही तेच चाललं होतं. जरा मुरू दे, मालक म्हणाले, आणि आम्ही सगळे ते मुरायची वाट बघत उभे राहिलो.

मग त्यांनी बोटांनी टोपातला खिमा उचलला आणि सगळ्यांसमोर जिभेवर ठेवला. मटण नसलेलं ते मटण तोंडात घोळवत राहिले. आईने रुमाल नाकावरून काढला होता.

"आता बरोबर हाय," ते म्हणाले, आणि एक भाकरी भरून घेतली. खाताना अर्धा कोबी बनियनवर सांडला.

आमची इमारत बांधून झाली आणि आम्ही डोंबिवलीत परत राहायला आलो, त्याला आता दोन वर्षं होतील. पण मालक आठवले की मला तेच आठवतं. दुसरी भाकरी भरता भरता त्यांनी बरणी नातीकडे सरकवली आणि जत्रेच्या टोपात मीठ यापुढे तिनेच घालायचं, असं सांगून टाकलं. दोन्ही टोपांत.

"अहो आबा, म्हणजे मला दरवर्षी यावं लागेल," ती म्हणाली.

मालकांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि तिच्या ताटात अजून एक भाकरी ठेवली.